काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे

काशीस जाणारा मराठी माणूस दशाश्वमेध घाटावर स्नान करतो, विश्वेश्वराचे दर्शन घेतो, गंगेचे पाणी तांब्यात भरतो आणि परतीची गाडी गाठतो. त्याने दशाश्वमेधावरून दक्षिणेकडे थोडी पायपीट केली, तर शीतला घाट आणि अहिल्याबाई घाट मागे टाकून तो मुन्शी घाटावर येतो. नागपूर संस्थानचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधविला. पुढे १९१५ च्या सुमारास त्यातील एक भाग दरभंग्याच्या महाराजांकडे गेला व त्यास दरभंगा घाट असे नाव पडले. अलीकडे इंदूरच्या अहिल्याबाई, पलीकडे बिहारचे राजे आणि मध्ये नागपूरचे मुन्शी, अशा शेजारात गंगा शांतपणे वाहत असते.

सरकारी कामानिमित्त माझे वाराणसीस अनेकदा जाणे झाले. कचेरीचे काम आटोपले की सायंकाळी मी मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर येऊन बसत असे. तेथे एका वृद्ध काशीकर मराठी गृहस्थांची ओळख झाली. त्यांचे घराणे कित्येक पिढ्या काशीत नांदत होते. बोलता बोलता ते काशीतील मराठी पंडितांची नामावळी सांगू लागत. विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे करविणारे नारायणभट्ट, शिवछत्रपतींना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट, आणि त्यांच्यामागून आलेले कितीतरी शास्त्री व वैयाकरणी. ती नामावळी ऐकताना ऊर अभिमानाने भरून येई. एकदा मी सहज विचारले की, या मालिकेत नीळकंठशास्त्री गोऱ्हे कोठे बसतात? ते क्षणभर थांबले. मग नदीकडे पाहत शांतपणे म्हणाले की, ते नाव आमच्याकडे घेत नाहीत.

जे नाव घेतले जात नाही, त्याच नावाविषयी आज लिहावे असे मनात आले. आपल्या मंडळाचा सुवर्णमहोत्सव साजरा होत आहे. अशा प्रसंगी आपण जुन्या थोरांचे स्मरण करतो. त्या स्मरणात ज्यांना आपणच वगळले, त्यांच्यासाठीही एक कोपरा असावा.

नीळकंठशास्त्री हे मूळचे कोकणस्थ ब्राह्मण घराण्यातले. पेशवाईच्या काळात अनेक कोकणी घराणी बुंदेलखंडात गेली, त्यांपैकीच हे एक. घरातील वडीलधारी मंडळी बांद्याच्या नबाबांच्या पदरी होती. बांद्याचे हे नबाब म्हणजे थोरले बाजीराव व मस्तानी यांचे वंशज. झांशीपासून काही कोसांवर असलेल्या काशीपुरा गावी १८२५ साली नीळकंठांचा जन्म झाला आणि ते वाढले वाराणसीत. योगायोग असा की, त्याच काळात वाराणसीस जन्मलेली मनकर्णिका तांबे पुढे झांशीची राणी लक्ष्मीबाई झाली. एकाने झांशीकडून काशीस यावे, दुसरीने काशीकडून झांशीस जावे आणि दोघांनीही जन्मजात वाट सोडून निराळीच वाट धरावी, असा तो काळ होता. राणीची वाट साऱ्या देशाने डोक्यावर घेतली. शास्त्रीबोवांच्या वाटेवर मात्र कोणी दिवा लावला नाही.

घरचे वातावरण विद्येचे होते. नीळकंठांनी व्याकरण आणि न्याय या शास्त्रांचे कसून अध्ययन केले. न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणतेही विधान पुढे आले की, त्यास प्रमाण काय, असे तो विचारतो. ही खोड नीळकंठांना जन्मभर पुरली. किंबहुना तिनेच त्यांचे जीवन घडविले. घराणे शैव असताना त्यांनी तरुणपणी विष्णूची उपासना स्वीकारली. वाडवडिलांनी दिलेले ते जसेच्या तसे ठेवून घ्यावयाचे नाही, स्वतः पारखून घ्यावयाचे, ही वृत्ती तेव्हापासूनच दिसते.

त्या दिवसांत काशीच्या रस्त्यांवर ख्रिस्ती धर्मोपदेशक उभे राहून व्याख्याने देत. मूर्तिपूजेवर टीका करीत. तरुण नीळकंठांना त्याचा संताप येई. मुकाट्याने ऐकून घरी जाणे किंवा लांबून शिव्या देणे, हे दोन्ही त्यांना मानवणारे नव्हते. ते विल्यम स्मिथ नावाच्या मिशनऱ्याकडे गेले, ते त्याचे मत खोडून काढण्याच्या हेतूनेच. त्याच सुमारास जॉन म्यूर या इंग्रज अधिकाऱ्याने संस्कृतात ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ रचून हिंदू धर्मापेक्षा ख्रिस्ती धर्म श्रेष्ठ असल्याचे प्रतिपादन केले होते. त्यास संस्कृतातच उत्तरे देण्यास जे पंडित पुढे सरसावले, त्यांत विशीच्या उंबरठ्यावरचे नीळकंठशास्त्री होते. त्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ हिंदू बाजूचे एक समर्थ उत्तर म्हणून अभ्यासक आजही वाचतात. धर्माच्या बाबतीत तर्काने शास्त्राच्या मागून चालावे, पुढे धावू नये, अशी त्यात त्यांची भूमिका होती. दयाळू परमेश्वर मनुष्यास कधीही न संपणाऱ्या नरकात कसा टाकील, हा त्यांचा ख्रिस्ती मताला सवाल होता.

येथवरची हकीगत कोणाही काशीकराला अभिमानाची वाटावी अशी आहे. परंतु प्रतिपक्षाचे खंडन करावयाचे तर त्याचे ग्रंथ वाचावे लागतात, आणि प्रामाणिक माणूस ते वाचताना स्वतःलाही तपासू लागतो. नीळकंठ वाचत गेले, स्मिथ यांच्याशी वाद घालीत गेले, घरी येऊन रात्र रात्र विचार करीत गेले. हे काही वर्षे चालले. यात धनाचा लोभ नव्हता आणि सत्तेचा आधारही नव्हता. उलट जे होते ते सारे जाण्याची खात्री होती. अखेर १४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही काशीत नव्हे, गोमतीकाठच्या जौनपुरास. त्या वेळी त्यांचे वय २३ वर्षांचे होते.

त्या काळी अशा पावलाचा अर्थ काय होता, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. पाचच वर्षांपूर्वी मुंबईत श्रीपाद शेषाद्री या अल्पवयीन ब्राह्मण मुलाचे प्रकरण गाजले होते. थोरला भाऊ ख्रिस्ती झाला होता. हा मुलगा मिशनऱ्यांच्या घरून परत आला, त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी खटपट केली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. चार दिवस मिशनऱ्यांकडे राहिलेल्या पोराची ही कथा; मग बाप्तिस्मा घेतलेल्या शास्त्र्याची काय असेल? धर्म बदलला तरी वारसा बुडणार नाही, असा कायदा १८५० साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू झाला. बंगाल इलाख्यात तशा आशयाचा नियम १८३२ पासूनच होता. पण कायदा फार तर वाटणी देऊ शकतो, पंगतीतले पान देऊ शकत नाही. ज्या घरात आपले नाव पुकारून जेवावयास बोलाविले जाई, त्या घरात आपले नाव उच्चारणेही बंद व्हावे, ही शिक्षा कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नसते. ती शिक्षा मात्र त्यांना जन्मभर भोगावी लागली.

बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी नेहेम्या हे नाव धारण केले. बायबलातील नेहेम्याची कथा आपल्या वाचकांस कदाचित ठाऊक नसेल. तो यहुदी होता आणि दूर इराणच्या राजदरबारी चाकरीस होता. आजच्या भाषेत म्हणावयाचे तर परमुलुखात नोकरीला गेलेला गृहस्थ. आपल्या यरुशलेम नगरीचा कोट ढासळला, वेशी जळाल्या, असे कळताच तो रडला, राजाची परवानगी घेऊन परतला आणि त्याने तो कोट पुन्हा उभारला. नाव धारण करणाऱ्याने मनात काय योजिले असेल ते असो; पण हे नाव त्यांना शोभले, असे त्यांचे पुढील चरित्र पाहता म्हणावेसे वाटते.

पुढील वर्षे सुखाची नव्हती. पत्नी त्यांच्याकडे आली, संसार पुन्हा मांडला गेला. ११ सप्टेंबर १८५३ रोजी काशीत कन्या झाली. तिचे नाव एलन लक्ष्मी. परंतु कन्येच्या जन्मानंतर लवकरच मातेचे निधन झाले. आईवेगळी पोर इंग्रज कुटुंबांत वाढली आणि पुढे इंग्लंडास गेली. आप्तांनी टाकलेल्या माणसाच्या नशिबी स्वतःच्या लेकीला मांडीवर खेळविण्याचे सुखही फारसे आले नाही.

१८५४ साली पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग विलायतेस निघाले. त्यांच्यासमवेत पंडित म्हणून नेहेम्या गोऱ्हे गेले. ज्या देशातून हा धर्म आपल्याकडे आला, तो देश पाहावयास मिळणार होता. तेथील रस्तोरस्ती क्षमा, दया आणि भक्ती नांदत असतील, अशी काशीच्या या पंडिताची भाबडी समजूत होती. प्रत्यक्षात त्यांना दिसले लंडनचे वैभव, दारूचे गुत्ते, पैशामागची धाव आणि देवळांविषयीची बेफिकिरी. प्रसिद्ध संस्कृतज्ञ मॅक्समुल्लर यांची व त्यांची तेथे भेट झाली. हा खिन्न, एकाकी पंडित मॅक्समुल्लर यांच्या चांगलाच स्मरणात राहिला. जे पाहिले तोच जर ख्रिस्ती धर्म असेल, तर आपण आलो त्या वाटेने परतलेले बरे, अशा विचारापर्यंत गोऱ्हे पोहोचले होते.

त्यांच्या चरित्रातील कसोटीचा क्षण मला जौनपुरातला वाटत नाही, लंडनमधला वाटतो. बाप्तिस्मा घेताना माणसाच्या अंगात तारुण्याची धग असते. पण ज्यासाठी घर सोडले ते पदरात पडले नाही, असे दिसल्यावर काय करावयाचे? दोन वाटा सोप्या होत्या. पश्चात्ताप करून मागे फिरावे, अथवा डोळे मिटून सारे ठीक आहे असे म्हणावे. गोऱ्ह्यांनी दोन्ही टाळल्या. धर्म आणि तो पाळणारी माणसे यांत त्यांनी भेद केला आणि आपले दोन हात जोडून ते पुन्हा कामास लागले.

ख्रिस्ती शिकवणुकीत श्रद्धा, आशा आणि प्रीती या तीन गुणांना मानाचे स्थान आहे. त्यांतील आशेचा अर्थ उद्या बरे दिवस येतील असा हिशेब करणे, एवढाच नाही. समोर अंधार असताही देवाचा हात सुटलेला नाही, या भरवशावर पुढचे पाऊल टाकणे म्हणजे आशा. आपल्या संतांच्या भाषेत ज्याला भाव ठेवणे म्हणतात, त्याच्या जवळपासचीच ही वस्तू आहे. नेहेम्या गोऱ्ह्यांनी परिवर्तन स्वीकारले ते या अर्थाने आशेने. त्यांना शंका आयुष्यभर छळीत राहिल्या. चिरंतन नरकाचा जो प्रश्न त्यांनी हिंदू पंडित म्हणून विचारला होता, तोच प्रश्न ख्रिस्ती धर्मगुरू झाल्यावरही त्यांची झोप उडवीत असे. परंतु शंका आहे म्हणून चालणे थांबवावे, असे त्यांनी कधी मानले नाही.

परत आल्यावर त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा ग्रंथ लिहिला. तो हिंदीत आहे व १८६० साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. न्याय, सांख्य, वेदान्त आदी दर्शनांची चिकित्सा त्यात आहे. फिट्झएडवर्ड हॉल या संस्कृतज्ञाने १८६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. या ग्रंथातील निष्कर्ष आपणांस मान्य होतील असे नाही. मलाही ते सारे मान्य नाहीत. वेदान्ताला त्यांनी न्याय दिला की नाही, याविषयी विद्वानांत वाद होऊ शकेल. पण टीका करावयाची ती त्या त्या शास्त्राच्या परिभाषेत शिरून, मूळ वचने समोर ठेवून, हा काशीचा शिरस्ता त्यांनी सोडला नाही. रस्त्यावर उभे राहून मूर्तींची टवाळी करणाऱ्यांच्या रांगेत ते कधीच नव्हते.

१८६८ साली त्यांना धर्मसेवेची पहिली दीक्षा मिळाली आणि १८७० साली ते पूर्ण धर्मगुरू झाले. इंदूर, चांदा, पुणे, मुंबई अशा अनेक ठिकाणी त्यांनी काम केले. काशीत वाढलेला हा कोकणस्थ अशा रीतीने उत्तर वयात पुन्हा मराठी मुलुखात आला. १८७६ च्या सुमारास ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यस्त धर्मगुरूंच्या संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. तथापि त्या संघाचे अंतिम व्रत त्यांनी घेतले नाही. अखेरपर्यंत ते उमेदवारच राहिले. त्यांचे राहणे अत्यंत साधे, एखाद्या विरक्ताचे असे. कोट बदलला, पण आतला काशीचा वैरागी तसाच राहिला.

उतारवयात त्यांनी जे लिहिले, त्यात एक विचार विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ख्रिस्ती धर्म समजून घेण्यास हिंदू मन जितके सिद्ध झालेले आहे, तितके यहुद्यांखेरीज दुसऱ्या कोणाचेही झालेले नाही, असे ते म्हणत. गीता व भागवत यांतील सिद्धान्त त्यांना पटत नसत. तरीही अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा यांचा धडा आपल्याला त्याच ग्रंथांनी दिला, हे ते मोकळेपणाने कबूल करीत. जुने घर सोडून गेलेला माणूस बहुधा त्या घराची निंदा करतो; आपला निर्णय बरोबर होता हे स्वतःलाच पटवून देण्याचा तो एक मार्ग असतो. गोऱ्ह्यांना जुन्या घराचे ऋण मान्य करण्यात कमीपणा वाटला नाही.

मराठी वाचकाला त्यांचे नाव ऐकू येते ते बहुधा पंडिता रमाबाईंच्या चरित्रात. १८८२ च्या सुमारास रमाबाई पुण्यात असताना त्यांची गाठ फादर गोऱ्ह्यांशी पडली. दोघांचेही बालपण शास्त्रग्रंथांत गेलेले, दोघांनाही संस्कृत मातृभाषेसारखे. १८८३ साली रमाबाई इंग्लंडास गेल्या. तेथे मनात उठलेल्या शंकांचे समाधान करण्यास गोऱ्ह्यांनी पाठविलेले लेखन त्यांच्या उपयोगी पडले, असे रमाबाईंनी पुढे नमूद केले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे धर्मगुरूंच्या अधिकाराच्या प्रश्नावर रमाबाईंनी आपली स्वतंत्र वाट धरली. गोऱ्ह्यांना परंपरेचे प्रमाण हवे होते, रमाबाईंना स्वतःच्या विवेकाचे. दार तेच, पण आतली खोली ज्याची त्याने निवडावयाची, असेच हे झाले. रमाबाईंनी १८८९ साली काढलेले शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती मिशन यांनी कितीएक अनाथ स्त्रियांना आसरा दिला, हे सांगावयास नकोच. त्या आसऱ्याच्या पायात काशीच्या या शास्त्र्याच्या हातचाही एक दगड आहे.

त्या काळचे पुणे कसे होते? १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, तेवढ्यावरून गावात वादळ उठले. न्यायमूर्ती रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि लोकमान्य टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे दाखवून दिले. चहाच्या एका पेल्याचे हे मोल होते. मग ४२ वर्षांपूर्वी जौनपुरास गोमतीकाठी उभ्या राहिलेल्या त्या तरुणाने केवढे मोल दिले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

२९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत फादर नेहेम्या गोऱ्हे यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्याच मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. एक मराठी ख्रिस्ती मावळला आणि दुसरा उगवला. रेव्हरंड टिळकांची कविता आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ महाराष्ट्राने मनापासून आपली मानली. नीळकंठशास्त्र्यांनी संस्कृत, हिंदी आणि इंग्रजी यांत आपले बहुतेक लेखन केले. मराठीत त्यांच्या वाट्याला असे वाचक आले नाहीत. त्यांची लेक एलन लक्ष्मी १८८० साली भारतात परतली, अमृतसर व अलाहाबाद येथे तिने सेवाकार्य केले आणि १९३७ साली ती निवर्तली. देवाच्या सान्निध्यावर तिने रचलेले एक इंग्रजी भक्तिगीत पाश्चात्त्य देशांतील प्रार्थनामंदिरांत गाजले. ते गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की, ही कवयित्री एका कोकणस्थ शास्त्र्याची कन्या, जन्माने काशीकर.

आता एक कबुली. फार वर्षांपूर्वी, मी दुसऱ्या एका शहरी असताना, तेथील मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर होतो. मंडळातील एका कुटुंबातील कर्त्या मुलाने धर्म बदलला. कोणी भांडले नाही, कोणी ठराव केला नाही. फक्त पुढच्या गणेशोत्सवाच्या आमंत्रणपत्रिका लिहिताना त्या घराचे नाव आले, तेव्हा शेजारी बसलेल्याने ते पान उलटले आणि मीही काही बोललो नाही. त्या माउलीने पुढे बाजारात भेटल्यावर एवढेच विचारले की, यंदा पत्रिका टपालात गहाळ झाली का? मी होय म्हणालो. केंद्र सरकारच्या सेवेत कितीएक कागदांवर सह्या केल्या. त्यांतल्या कोणत्याही सहीपेक्षा ते एक ‘होय’ मला अधिक टोचते.

आपण घरापासून दूर राहणारी माणसे. आपली मुले दुसऱ्या भाषेत स्वप्ने पाहतात, नातवंडे आणखी तिसऱ्या. कोणी परप्रांतीय सून आणतो, कोणी परदेशी जावई, कोणी आपला देव बदलतो, कोणी देवच मानेनासा होतो. यांतील कोणता बदल योग्य, हे ठरविण्याचा अधिकार मंडळाकडे नाही. बदललेल्या माणसाला पत्रिका पाठवावयाची की नाही, हे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

त्या यहुदी नेहेम्याच्या कथेत एक गोष्ट मला फार आवडते. कोट बांधताना त्याने कित्येकांना आपापल्या घरासमोरचा तेवढाच भाग नेमून दिला. प्रत्येकाने स्वतःच्या दारापुढची भिंत उभारली आणि ५२ दिवसांत साऱ्या नगरीचा कोट पुरा झाला. आपल्या मंडळाची ५० वर्षे अशीच पुरी झाली आहेत. पुढील काळात कोणाच्या दारापुढची जागा रिकामी राहू नये, एवढीच प्रार्थना.

पुन्हा वाराणसीस जाणे झाले, तर मुन्शी घाटावर बसून त्या वृद्ध गृहस्थांसारख्या कोणा काशीकराला मी ती नामावळी पुन्हा विचारीन. नारायणभट्ट, गागाभट्ट अशी नावे येतील. त्यांच्या शेवटी, कोणी घेवो न घेवो, मी नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे नाव मोठ्याने घेईन.